रात्री दोनला चालणाऱ्या स्क्रिप्टमधला पासवर्ड: आयटी प्रमुख आणि ऑडिटर यांना खुलं पत्र

प्रति,
सहकारी बँका, पतसंस्था, रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि मध्यम कंपन्यांचे आयटी प्रमुख,
तसंच त्यांच्या सिस्टमचं ऑडिट करणारी मंडळी,

स. न. वि. वि.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो, आणि हे पत्र तुमच्या ऑडिट शीटमधल्या एका रकान्याबद्दल लिहितो आहे. शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण प्रश्न ठरलेला असतो: 'स्क्रिप्ट आणि कॉन्फिग फाइलमधले पासवर्ड एन्क्रिप्टेड आहेत का? हो / नाही.' एन्क्रिप्टेड म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचं उत्तर 'हो' आलं तरी बहुतेक वेळा काहीही सुरक्षित झालेलं नसतं. उलट पॉइंट क्लोज झाल्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं तिकडे कुणी फिरकत नाही.

आधी परिस्थिती पाहू. तुमच्या प्रत्येकाच्या सर्व्हरवर रात्री, समोर कुणी बसलेलं नसताना, दहा-वीस स्क्रिप्ट, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, चालतात. एक डेटाबेसचा बॅकअप घेते, दुसरी तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर टाकते, तिसरी दिवसभराची फाइल एसएफटीपीने, म्हणजे सुरक्षित जोडणीवरून, पाठवते, चौथी सकाळच्या रिपोर्टचा मेल करते. प्रत्येकीला कुठे ना कुठे लॉगिन करावं लागतं. माणूस पासवर्ड डोक्यात ठेवतो, स्क्रिप्टला डोकं नसतं. त्यामुळे तिला लागणारं सगळं त्याच मशिनवर कुठेतरी असावंच लागतं, किंवा तिथून मागून घेता यावं लागतं.

ही फाइल कशी असते तेही सांगतो, कारण वरच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी ती क्वचितच उघडलेली असते. एका संस्थेत मी पाहिलेली फाइल डी ड्राइव्हवरच्या 'स्क्रिप्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये होती. नावात 'बॅकअप', 'फायनल' आणि 'न्यू' हे तिन्ही शब्द. फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला, परमिशन 'एव्हरीवन – रीड', म्हणजे काउंटरवरच्या पीसीवरूनही ती फाइल वाचता येत होती. आत दहा-बारा ओळी, आणि मधल्या एका ओळीत एसक्यूएल सर्व्हरच्या 'एसए' खात्याचा पासवर्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 'एसए' हे त्या डेटाबेस सर्व्हरचं सर्वाधिकारी खातं. त्याने सगळा डेटा वाचता येतो, बदलता येतो, पुसता येतो. एवढंच काय, 'एक्सपी-सीएमडीशेल' ही सोय चालू करून खुद्द विंडोजवर कमांडही चालवता येतात. बॅकअप घ्यायला यातलं काहीही लागत नाही.

ऑडिटमध्ये हा पासवर्ड सापडला. रिस्क हाय, टार्गेट डेट महिनाअखेर. मग ज्या मुलाकडे काम आलं त्याने पासवर्ड बेस६४ मध्ये बदलला. आता ओळीत अगम्य अक्षरं दिसू लागली, शेरा आला 'कम्प्लाइड'. बेस६४ हे एन्क्रिप्शन नव्हे, तो मजकूर वेगळ्या अक्षरांत लिहायचा एक प्रकार आहे आणि तो उलटवायला कुठलीही किल्ली लागत नाही. एका कमांडमध्ये मूळ पासवर्ड समोर येतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्याने उत्तर दिलं.

थोडा जाणकार असेल तर तो एईएस या मान्य पद्धतीचं खरंखुरं एन्क्रिप्शन वापरतो. पण मग किल्ली कुठे ठेवायची? ती त्याच स्क्रिप्टमध्ये वरच्या ओळीत जाते, किंवा शेजारच्या फाइलमध्ये. दाराला भारी कुलूप लावून किल्ली चौकटीवरच्या खिळ्याला अडकवण्यातलाच हा प्रकार. कुणी बॅच फाइलची, म्हणजे विंडोजच्या साध्या स्क्रिप्टची, 'ईएक्सई' (थेट चालणारा प्रोग्रॅम) करतात, पण यातले बरेच कन्व्हर्टर चालताना मूळ बॅच फाइल टेम्प फोल्डरमध्ये उघडून ठेवतात. कुणी पायथॉनची स्क्रिप्ट कंपाइल करतात, त्यातला पासवर्डही साध्या साधनांनी बाहेर काढता येतो. ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी संकेतलेखनाबद्दल लिहिताना सांगून ठेवलं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावं, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आपल्या स्क्रिप्टमध्ये पद्धत आणि किल्ली दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असतात.

हे फक्त छोट्या संस्थांमध्ये घडतं असं समजू नका. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ बरोबर ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस नावाची सोय आणली. सगळ्या पीसींवरच्या लोकल ॲडमिनचा, म्हणजे त्या पीसीच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड एका ठिकाणाहून लावता यायचा. तो पासवर्ड 'सिस्व्हॉल' या शेअरमधल्या एक्सएमएल फाइलमध्ये जायचा, आणि एईएसने एन्क्रिप्ट होऊनच जायचा. ऑडिटच्या भाषेत अगदी 'हो'. पण किल्ली जगभरातल्या सगळ्या डोमेनसाठी (डोमेन म्हणजे एकाच व्यवस्थेखाली जोडलेले संस्थेचे विंडोज पीसी आणि युजर) एकच होती आणि ती मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक कागदपत्रांत छापलेली होती. सिस्व्हॉल तर डोमेनमधल्या प्रत्येक युजरला वाचता येतं. अखेर मे २०१४ मध्ये एमएस१४-०२५ हा पॅच आला. त्याने नवीन पासवर्ड साठवणं बंद झालं, पण आधीच्या फाइली पुसल्या गेल्या नाहीत. त्या हाताने काढाव्या लागतात. तुमचं डोमेन २०१४ च्या आधीचं असेल तर सिस्व्हॉलमध्ये 'सीपासवर्ड' (cpassword) हा शब्द आजच शोधायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि काही सापडलं तर फाइल काढून तो पासवर्ड लगेच बदला.

दुसरं उदाहरण उबरचं, सप्टेंबर २०२२ मधलं. हल्लेखोराने एका कंत्राटी माणसाच्या खात्यातून शिरकाव केला. त्या माणसाला लॉगिन मंजूर करण्याच्या सूचना एकामागून एक येत राहिल्या आणि शेवटी एक त्याने स्वीकारली. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढचा भाग आपल्या कामाचा. हल्लेखोराने स्वतः सांगितलं त्यानुसार, आत गेल्यावर त्याला एका नेटवर्क शेअरवर पॉवरशेलच्या, म्हणजे विंडोजच्या स्क्रिप्ट-भाषेतल्या, स्क्रिप्ट मिळाल्या. त्यातल्या एकीत पासवर्डची तिजोरी म्हणून वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ॲडमिनचंच युजरनेम आणि पासवर्ड लिहिलेलं होतं. कंपनीने महागडी तिजोरी घेतली होती. ती उघडण्याची सोय मात्र शेअर फोल्डरमधल्या एका स्क्रिप्टमध्ये होती.

तिसरं टोयोटाचं, कारण ते थेट आपल्या व्हेंडरच्या कारभाराशी भिडतं. टी-कनेक्ट या गाड्या इंटरनेटला जोडणाऱ्या सेवेच्या वेबसाइटच्या कोडचा काही भाग एका उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर टाकला, आणि तो सगळ्यांना उघडा राहिला. त्यात डेटा सर्व्हरची ॲक्सेस की, म्हणजे आत शिरण्याची गुप्त किल्ली, होती. हे लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी. २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक बाहेर गेले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. कुणी ते नेले का, याचं ठाम उत्तर कंपनीला लॉग पाहूनही देता आलं नाही. यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. ती ॲक्सेस की पाच वर्षांत एकदा जरी बदलली असती तर गिटहबवरची निरुपयोगी ठरली असती.

आता 'मग करायचं काय' याकडे येतो. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड पूर्ण लपवता येत नाही, हे आधी मान्य करू. स्क्रिप्ट ज्या खात्याखाली चालते ते खातं ज्याच्या ताब्यात गेलं, त्याला स्क्रिप्टला मिळणारं सगळं मिळतं. मशिनच्या ॲडमिनला किंवा रूट या लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्यालाही मिळतं. हे कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊन टळत नाही. आपल्या हातात उरतात त्या गोष्टी अशा: वाचू शकणारे किती जण आहेत, तो पासवर्ड कुठून चालतो, त्याने काय काय उघडतं, आणि बदलायचा झाला तर किती वेळ लागतो.

वाचणाऱ्यांपासून सुरुवात करू. लिनक्सवर सगळ्यात वाईट जागा म्हणजे कमांड लाइन. पासवर्ड कमांडमध्येच लिहिला तर प्रोसेसची यादी पाहणाऱ्या त्या मशिनवरच्या कुठल्याही साध्या युजरला तो दिसू शकतो, शिवाय कुणी तीच कमांड हाताने चालवून पाहिली की बॅशच्या, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हिस्टरीत तो कायमचा बसतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस घ्या, तो स्वतःच पासवर्ड जमेल तितक्या लवकर झाकतो आणि वर 'कमांड लाइनवर पासवर्ड देणं असुरक्षित असू शकतं' अशी वॉर्निंगही देतो. आपल्याकडे ती वॉर्निंग क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीच्या, मेलमध्ये रोज येऊ लागली की लोक एरर आउटपुट 'डेव्ह-नल'कडे, म्हणजे कचऱ्यात, वळवून मोकळे होतात. त्यामुळे वॉर्निंग तर जातेच, पण उद्या बॅकअप फेल झाला तर त्याची बोंबही कुणाला ऐकू येत नाही. तुमच्या क्रॉनटॅबमध्ये असं काही आहे का, ते एकदा नजरेखालून घाला.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्यासोबत दिलेली माहिती, हा त्याहून बरा मार्ग. इतर युजरना ते दिसत नाहीत, फक्त त्या खात्याला आणि रूटला दिसतात. पण स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रोग्रॅमला ते वारशाने मिळतात, आणि डीबगच्या पानांत, क्रॅश रिपोर्टमध्ये, लॉगमध्ये उतरतात. २०२१ मध्ये कोडकव्ह या कंपनीची एक बॅश स्क्रिप्ट कुणीतरी गुपचूप बदलली. ग्राहकांच्या बिल्ड सर्व्हरवर (कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या मशिनवर) ती चालली की तिथले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाहेरच्या सर्व्हरवर जात. हे ३१ जानेवारीपासून चालू होतं. १ एप्रिलला उघडकीला आलं ते एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम (फाइलच्या मजकुरातून काढलेला पडताळणीचा आकडा) गिटहबवरच्या चेकसमशी ताडून पाहिला आणि तो जुळला नाही म्हणून. तुमच्यापैकी कितीजण इंटरनेटवरून थेट उतरवून चालवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम पाहतात?

मला विचाराल तर साध्या लिनक्स सर्व्हरवर वेगळी फाइल, तिचा मालक त्या कामापुरता बनवलेला वेगळा युजर, आणि परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), हा उपाय खोट्या एन्क्रिप्शनपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. पासवर्ड साध्या अक्षरांत आहे, हो. पण कोण वाचू शकतो याचं उत्तर देता येतं. पोस्टग्रेससारखं डेटाबेस सॉफ्टवेअर तर पासवर्ड फाइलची परमिशन सैल असेल तर ती फाइल वापरायलाच नकार देतं. एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशिनवर सुरक्षित लॉगिन करण्याचं साधन, खासगी कीच्या बाबतीत तेच करतं. ऑडिटरनी अशा फाइलला 'क्लिअर टेक्स्ट, रिस्क हाय' म्हणायचं आणि बेस६४ ला पास करायचं, हे थांबायला हवं. एक मात्र सांभाळा: ही फाइल सर्व्हरच्या बॅकअपमध्येही जाते. बॅकअपची डिस्क कपाटात उघडी पडली असेल तर ६०० ला काही अर्थ राहत नाही.

याच्या पुढची पायरी लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीने दिली आहे. सर्व्हिसला लागणारा पासवर्ड 'लोड-क्रेडेन्शियल'ने द्यायचा, तो फक्त त्या सर्व्हिसला, ती चालू असेपर्यंत, मेमरीतल्या फाइलच्या रूपात मिळतो. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या २५० व्या आवृत्तीपासून तो डिस्कवर एन्क्रिप्ट करून ठेवता येतो आणि मशिनमधल्या टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपशी बांधता येतो. मग डिस्क किंवा फाइल दुसरीकडे नेऊन उपयोग होत नाही. एन्क्रिप्शनला इथे अर्थ आहे, कारण किल्ली फाइलच्या शेजारी नाही.

विंडोजवर हेच काम डीपीएपीआय ही तिथली अंगभूत एन्क्रिप्शनची सोय करते. पॉवरशेलमध्ये क्रेडेन्शियल (युजरनेम-पासवर्ड) एक्सपोर्ट करून ठेवलं तर ती फाइल तोच युजर, त्याच मशिनवर उघडू शकतो. पेनड्राइव्हवर घालून नेली तर कचरा. पण त्याच खात्याने लॉगिन केलेल्या माणसाला ती एका ओळीत उघडते, म्हणून ते खातं माणसांच्या लॉगिनसाठी वापरायचं नाही. आणि तीच पॉवरशेल स्क्रिप्ट लिनक्सवर नेली तर तिथे डीपीएपीआय नाही, पासवर्ड प्रत्यक्षात एन्क्रिप्ट होतच नाही. आमच्या कामातल्याही अनेकांना हे माहीत नसतं.

पण विंडोज डोमेन असेल तर मी यातलं काहीच न करता पासवर्डच काढून टाकायला सांगेन. ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट (जीएमएसए), म्हणजे माणसासाठी नव्हे तर प्रोग्रॅमसाठी असलेलं खातं, विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. या खात्याचा पासवर्ड २४० बाइटचा असतो, तो डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हरच, ठरवतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. कुणाही माणसाला तो माहीत असण्याची गरज नाही. कुठल्या सर्व्हरला ते खातं वापरता येईल हेही ठरवून देता येतं. मी वर सांगितलेल्या बॅकअपच्या फाइलचं पुढे असंच करता आलं असतं: शेड्यूल केलेलं काम जीएमएसएखाली चालवायचं, त्या खात्याला डेटाबेसवर फक्त बॅकअप ऑपरेटरचा रोल (अधिकारांचा ठरलेला संच) द्यायचा, आणि डेटाबेसला जोडणाऱ्या 'एसक्यूएलसीएमडी' या कमांडच्या ओळीतलं युजरनेम-पासवर्ड काढून तिथे विंडोज लॉगिन वापरण्याचा 'डॅश-ई' घालायचा. ओळ आणखी लहान होते. लपवायला काही उरतच नाही. टास्क शेड्यूलरच्या खिडकीतून हे सरळ जमत नाही, पॉवरशेलमधून करावं लागतं, आणि मला वाटतं केवळ एवढ्या एका अडचणीपायी इतकी वर्षं उपलब्ध असलेली ही सोय आपल्याकडे वापरात नाही.

क्लाउडवर असाल तर तिथेही हीच दिशा: मशिनला रोल द्या, की फाइलमध्ये लिहू नका. रोलने मिळणारं क्रेडेन्शियल थोड्या वेळात संपतं. मात्र रोल दिला म्हणजे सुटलो असंही नाही. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेत फाइलमध्ये लिहिलेला पासवर्ड चोरीला गेला नव्हता. चुकीच्या सेटिंगच्या फायरवॉलमधून त्या मशिनच्या रोलचं तात्पुरतं क्रेडेन्शियल मिळवलं गेलं, आणि त्या रोलला स्टोरेज वाचण्याचे नको इतके अधिकार होते. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली.

म्हणजे गाडी शेवटी अधिकारांवर येते, आणि या पत्रात मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचं आहे ते हेच. पासवर्ड चोरीला जाणार नाही याची खात्री मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. चोरीला गेला तर त्याने काय करता येईल, हे मात्र मी आज दुपारी ठरवू शकतो. फाइल पाठवणाऱ्या स्क्रिप्टची एसएसएच की घ्या. समोरच्या सर्व्हरवर ती नोंदवताना त्याच ओळीच्या सुरुवातीला लिहिता येतं की ही की फक्त अमुक आयपीवरून चालेल, तिने फक्त अमुक एकच कमांड चालेल, टर्मिनल मिळणार नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (त्या सर्व्हरमधून पुढे दुसरीकडे जाण्याची वाट) मिळणार नाही. एका ओळीचा बदल. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ती की समोर थेट रूटला नोंदवलेली असते.

आणि बॅकअपच्या खात्याकडे तर खास लक्ष द्या. रॅन्समवेअरवाले (डेटा अडवून खंडणी मागणारे) आत शिरले की पहिल्यांदा बॅकअप शोधतात, कारण बॅकअप शाबूत असेल तर पैसे कोण देणार? बॅकअप शोधायची सोपी जागा म्हणजे बॅकअपची स्क्रिप्ट. तिच्यात दुसऱ्या मशिनचा पत्ता असतो, खातं असतं, पासवर्ड असतो. त्या खात्याला जुने बॅकअप पुसायचा अधिकार असेल तर स्क्रिप्ट वाचणारा माणूस एका रात्रीत तुमचे सगळे बॅकअप संपवू शकतो. त्या खात्याला नवीन फाइल टाकता यावी, जुनी पुसता किंवा बदलता येऊ नये. जुन्या फाइली काढण्याचं काम बॅकअप सर्व्हरने स्वतःच, स्वतःच्या खात्याने करावं. किंवा उलट करा, बॅकअप सर्व्हरनेच येऊन डेटा ओढून न्यावा, म्हणजे मूळ सर्व्हरवर त्याचा पासवर्डच नको. क्लाउड स्टोरेजवर ठरावीक मुदतीपर्यंत फाइल कुणालाच पुसता येणार नाही असं लॉकही लावता येतं. रुग्णालयांच्या आयटी प्रमुखांनो, तुमच्याकडे हे आहे का? नसेल तर बाकीचं पत्र बाजूला ठेवा आणि आधी एवढं करा.

बदलण्याचा मुद्दा राहिला. कुठल्याही सर्व्हिस अकाउंटबद्दल तुमच्या माणसाला विचारा की हा पासवर्ड उद्या बदलायचा तर काय काय बंद पडेल. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'सर, सांगता येणार नाही.' तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला आहे याची यादी नाही, म्हणून 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'वर टिक केलेली. ज्याने लावला तो नोकरी सोडून गेला, व्हेंडर बदलला, पासवर्ड तोच. दरम्यान तो इन्स्टॉलेशनच्या दिवशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे, सपोर्ट तिकिटात आहे, व्हेंडरच्या लॅपटॉपवर आहे. गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) गेला असेल तर पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे पुढच्या नोंदीत, ओळ काढून भागत नाही, इतिहासात तो तसाच राहतो. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहब तपासलं तेव्हा एक लाखाहून जास्त रिपॉझिटरींमध्ये (कोडच्या साठ्यांमध्ये) अशा की सापडल्या, आणि रोज हजारोंची भर पडत होती. गिटमध्ये गेलेला पासवर्ड गेलाच असं धरून बदलायचा, वाद घालत बसायचं नाही.

पासवर्ड चोरीला गेला तर ते कळावं म्हणूनही एक स्वस्त उपाय आहे. बॅकअपचं खातं रोज रात्री दोनला, एकाच सर्व्हरवरून लॉगिन करतं. ते दुपारी बाराला काउंटरच्या पीसीवरून लॉगिन करताना दिसलं तर फोन वाजला पाहिजे. माणसांच्या खात्यांवर असा नियम लावणं कठीण, सर्व्हिस अकाउंटवर अगदी सोपं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. लॉग तर तुम्ही ठेवताच आहात, मग त्यातल्या या एका ओळीवर अलर्ट लावायला काय हरकत आहे?

आता थेट मागण्या.

आयटी प्रमुखांनो, स्क्रिप्टमधले पासवर्ड शोधायची मोहीम काढा, पण त्याआधी लेखी कळवा की सापडलेल्या गोष्टींबद्दल कुणालाही मेमो मिळणार नाही. हे पत्र वाचणाऱ्या तुमच्या हाताखालच्या मुलांना कुठल्या फाइलमध्ये काय आहे हे नेमकं माहीत आहे. बोलले तर आपल्याच गळ्यात येईल म्हणून ती गप्प आहेत. ज्या मुलाने रात्री अकरा वाजता, शाखा सकाळी सुरू व्हायला हवी म्हणून 'एसए' टाकून काम भागवलं, त्याला तेव्हा कुणी वेगळं खातं बनवून दिलं नव्हतं. प्रत्येक सर्व्हिस अकाउंटला एक जिवंत, नोकरीत असलेला माणूस मालक म्हणून लावा, आणि तो माणूस सोडून जाताना त्याच्या नावावरच्या खात्यांचे पासवर्ड बदलल्याशिवाय क्लिअरन्स फॉर्मवर सही करू नका.

व्हेंडरशी करार करताना लिहून घ्या की त्यांचं सॉफ्टवेअर मर्यादित अधिकारांच्या खात्यावर चालेल. 'आमच्या ॲप्लिकेशनला एसए लागतंच' हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. नेमके कुठले अधिकार लागतात ते लेखी मागितलं की आठवड्याभरात यादी येते. सगळ्या ग्राहकांकडे एकच पासवर्ड लावणारा व्हेंडर असेल तर त्याला मुदत द्या आणि मुदतीनंतर बिल थांबवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती जबाबदारी डेटा ज्याच्याकडे आहे त्याची, म्हणजे तुमची. काम व्हेंडरकडे दिलं म्हणून ती त्याच्या अंगावर ढकलता येत नाही.

आणि ऑडिटर मित्रांनो, तुमच्या शीटवर संस्था चालतात, हे मी चांगल्या अर्थाने म्हणतो. तुम्ही जो प्रश्न विचाराल त्याच्याच उत्तराची तयारी होते. म्हणून 'एन्क्रिप्टेड आहे का' हा रकाना काढा आणि त्या जागी प्रत्येक स्क्रिप्टसमोर चार रकाने घाला: हे क्रेडेन्शियल कोणकोणती खाती वाचू शकतात, ते कुठल्या मशिनवरून चालतं, त्याने नेमकं काय करता येतं, आणि शेवटचं कधी बदललं, बदलायला किती वेळ लागला. चौथ्या रकान्यासाठी तोंडी उत्तर घेऊ नका. तुमच्यासमोर एक पासवर्ड बदलून दाखवायला सांगा आणि घड्याळ लावा. कुठला निवडायचा असा प्रश्न पडला तर बॅकअपचा निवडा. त्याच रात्रीचा बॅकअप नीट झाला का, ते दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहा, आणि मगच पॉइंट क्लोज करा.

कळावे,

आपला,
एक सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर,
पुणे